प्रताधिकारमुक्त चित्रं, ध्वनिमुद्रणं, चित्रपट आणि पुस्तकं: अभ्यासासाठी व शिकवण्यासाठी कशी शोधावीत

शोधनिबंधात एखादा जुना नकाशा हवा असतो, वर्गात मूकपटाचा तुकडा दाखवायचा असतो, किंवा स्वतः तयार केलेल्या पुस्तिकेत वनस्पतीचं रेखाचित्र घालायचं असतं. बहुतेक जण शोधयंत्रात दोन शब्द टाकतात, समोर आलेल्या चित्रांतलं बरं दिसेल ते उतरवून घेतात आणि पुढच्या कामाला लागतात. पुढे कधीतरी प्रकाशक किंवा नियतकालिकाचे संपादक विचारतात, ‘या चित्राचे हक्क कोणाकडे आहेत?’ इथे गाडं अडतं, कारण चित्र कुठून घेतलं तेच कुठे लिहिलेलं नसतं.

वर्गापुरत्या वापराला अनेक देशांचे कायदे सवलत देतात हे खरं. पण ती सवलत चार भिंतींच्या आतली. तीच स्लाइड तुम्ही सर्वांना खुल्या पानावर टाकलीत किंवा पुस्तिका छापून वाटलीत की हिशेब बदलतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे सुरुवातीपासूनच प्रताधिकारमुक्त, म्हणजे पब्लिक डोमेनमधली सामग्री घेतलेली बरी. ती भरपूर आहे, दर्जेदार आहे आणि बहुतेक ठिकाणी खातंही उघडावं लागत नाही.

माझा मुख्य सल्ला आधीच सांगून टाकतो: फाइल जिथे दिसली तिथूनच उचलू नका. ती मूळ वस्तू ज्या संग्रहालयाच्या, ग्रंथालयाच्या किंवा अभिलेखागाराच्या ताब्यात आहे, तिथलं तिचं नोंदपान (म्हणजे त्या वस्तूची माहिती देणारं संकेतपान) गाठा, त्यावरचे हक्क वाचा आणि तिथूनच उतरवा.

हाताशी काय असावं

- एक स्प्रेडशीट. स्तंभ असे: फाइलचं नाव, कृतीचं शीर्षक, कर्ता, त्याचं मृत्युवर्ष, निर्मितीचं किंवा प्रकाशनाचं वर्ष, संस्था, नोंदणी क्रमांक, नोंदपानाचा पत्ता, हक्कांबद्दलचं वाक्य जसंच्या तसं, पाहिल्याची तारीख.
- उलट चित्रशोधाची, म्हणजे चित्र देऊन ते आणखी कुठे आहे ते शोधण्याची, दोन साधनं: टिनआय आणि गूगल लेन्स. एकाला सापडत नाही ते दुसऱ्याला सापडतं.
- इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. याचा उपयोग पुढे सांगतो.
- मूळ फाइलींसाठी वेगळा फोल्डर. कापाकापी, रंगदुरुस्ती नेहमी प्रतीवरच करायची.

1. वापर कुठे होणार ते आधी ठरवा

प्रताधिकाराचा कायदा देशागणिक वेगळा आहे, त्यामुळे ‘हे मुक्त आहे का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कोणत्या देशात मुक्त आहे?’ असं विचारा. छापील पुस्तक एका देशात विकलं जाणार असेल तर तिथला नियम पाहायचा. खुल्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर तुमच्या देशाचा पाहाच, शिवाय अमेरिकेचाही पाहा. बरीच मोठी साठवण-संकेतस्थळं तिथली आहेत आणि तिथल्या तक्रारीवरून फाइल काढली जाऊ शकते.

2. मुदत मोजायला शिका

ढोबळमानानं दोन पद्धती आहेत. बहुतेक देश कर्त्याच्या मृत्यूपासून मोजतात: युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर 70 वर्षं, भारतात 60, मेक्सिकोत तब्बल 100. मुदत त्या वर्षाच्या अखेरीस संपते, म्हणून कृती नेहमी 1 जानेवारीला मोकळी होते. छायाचित्रं, चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं यांचं गणित कित्येक देशांत वेगळं असतं; भारतात चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं यांची 60 वर्षं प्रकाशनापासून धरतात.

अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींची मुदत प्रकाशनापासून 95 वर्षं. सोपी युक्ती: प्रकाशनवर्षात 96 मिळवा, त्या वर्षाच्या 1 जानेवारीला कृती मोकळी. 1929 सालची 2025 मध्ये झाली, 1930 सालची 2026 मध्ये. 1998 च्या कायद्यानं तिथली मुदत 20 वर्षांनी वाढवली आणि हा दरवर्षीचा ओघ थांबला. 1923 सालच्या कृतींना 1 जानेवारी 2019 पर्यंत थांबावं लागलं.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघा. इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ 1941 मध्ये वारल्या. 60 वर्षांच्या हिशेबानं त्यांचं लेखन 1 जानेवारी 2002 ला मोकळं होतं, 70 वर्षांच्या हिशेबानं 1 जानेवारी 2012 ला. पण त्यांची 1931 ची कादंबरी अमेरिकेत 1 जानेवारी 2027 पर्यंत बांधलेलीच. शिवाय काही देश परदेशी कृतीच्या मूळ देशातली मुदत आधी संपत असेल तर तीच धरतात. म्हणून ‘लेखक जाऊन खूप वर्षं झाली’ एवढ्यावर भागत नाही.

अमेरिकेतल्या 1963 पर्यंतच्या प्रकाशनांत आणखी एक फट आहे. तेव्हा 28 व्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागे. ते न झालेल्या कृती आज तिथे मुक्त आहेत. पुस्तकांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाची नूतनीकरणांची शोधसूची आहे. मात्र परदेशात प्रथम प्रकाशित झालेल्या कित्येक कृतींचे हक्क 1996 मध्ये तिथे पुन्हा जिवंत करण्यात आले, त्यामुळे ही युक्ती अमेरिकी प्रकाशनांपुरतीच वापरा.

अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतींना तिथे प्रताधिकार नसतोच. नासाची छायाचित्रं, 1930 च्या दशकातल्या मंदीत सरकारनं काढून घेतलेली शेतकऱ्यांची छायाचित्रं या वर्गात येतात. तोच नियम इतर सरकारांना, किंवा अमेरिकेतल्याच राज्य सरकारांना, लावू नका.

3. एकेक थर सोडवा

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एका फाइलमध्ये एकावर एक अनेक कृती असतात आणि प्रत्येकीची मुदत वेगळी.

संगीत घ्या. बेथोव्हन 1827 मध्ये गेला; त्याच्या रचनेवर आज कोणाचाही हक्क नाही. पण वाद्यवृंदानं अलीकडे केलेलं तिचं मुद्रण हे वेगळं काम आहे आणि त्याचे हक्क वादकांकडे व कंपनीकडे असतात. स्वरलिपीची नवी संपादित आवृत्ती हा आणखी एक थर. जुन्या तबकड्यांचंही अमेरिकेत स्वतंत्र वेळापत्रक आहे: 1922 पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं 1 जानेवारी 2022 ला एकदम मोकळी झाली, 1923 ते 1946 मधल्यांना 100 वर्षांची मुदत आहे, त्यानंतरच्यांना त्याहून जास्त.

पुस्तकांत भाषांतर हा थर हमखास विसरला जातो. टॉलस्टॉय 1910 मध्ये गेला, पण तुमच्या हातातलं मराठी भाषांतर ज्यांनी केलं त्यांचं मृत्युवर्ष बघावं लागतं. प्रस्तावना, टीपा, मुखपृष्ठ यांचंही तसंच.

चित्राचा फोटो हा वादाचा विषय होता. 1999 च्या ब्रिजमन खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयानं ठरवलं की सपाट, प्रताधिकारमुक्त चित्राच्या हुबेहूब फोटोत नवनिर्मिती नसते, म्हणून त्यावर नवा हक्क उभा राहत नाही. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशातही दृश्यकलेच्या अशा प्रतींबद्दल तीच भूमिका आहे. शिल्पाचं मात्र वेगळं. कोन, प्रकाश, पार्श्वभूमी छायाचित्रकार निवडतो. मूर्ती दोन हजार वर्षांपूर्वीची असली तरी फोटो कालचा असू शकतो.

चित्रपटात तर थरांची चळतच असते: कथा, पटकथा, दृश्यं, नंतर जोडलेलं पार्श्वसंगीत, उपशीर्षकं, रंगीत केलेली आवृत्ती. मूकपट घेताना हमखास चालणारा उपाय म्हणजे नव्यानं चढवलेलं संगीत काढून टाकणं. वर्गात मूकपट खरोखर मुका दाखवला तर काही बिघडत नाही, उलट मुलं पडद्याकडे जास्त लक्ष देतात.

4. हक्कांची पाटी नीट वाचा

पब्लिक डोमेन मार्क: कृतीची मुदत संपली आहे, असं ही पाटी लावणारी संस्था सांगते. सीसी झिरो: ज्याचा हक्क होता किंवा असू शकला असता त्यानं तो सोडून दिला. या दोन्ही पाट्या क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या खुले परवाने तयार करणाऱ्या संस्थेच्या आहेत आणि दोन्ही चालतात.

‘नो नोन कॉपीराइट रिस्ट्रिक्शन्स’ हे वाक्य फ्लिकर कॉमन्सवर (फ्लिकर या संकेतस्थळावर संस्थांनी ठेवलेले जुने फोटो) आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सारखं दिसेल. त्याचा अर्थ, आम्हाला तरी कोणाचा हक्क आढळला नाही. ही हमी नाही, पण अशा संस्थांनी शोध घेऊन लिहिलेलं असतं, त्यामुळे शैक्षणिक कामासाठी मी ते पुरेसं मानतो.

सीसी बाय (श्रेय देण्याची अट), सीसी बाय-एसए (श्रेय, शिवाय बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली देण्याची अट) हे परवाने उपयोगी आहेत, पण ही सामग्री प्रताधिकारमुक्त नाही. अटी पाळाव्या लागतात. पाटीत ‘एनसी’ दिसलं की व्यावसायिक वापर बंद. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरच्या प्रतिमा याच अटीवर मिळतात. वस्तू कितीही प्राचीन असो, त्यांची प्रतिमा किमतीच्या पुस्तकात घालण्याआधी विचारावं लागेल.

‘रॉयल्टी फ्री’ या शब्दांचा आपल्या विषयाशी संबंध नाही. त्याचा अर्थ एकदा पैसे भरले की पुन्हापुन्हा भरावे लागत नाहीत, एवढाच. अनस्प्लॅश आणि पिक्साबे ही फुकट छायाचित्रांची संकेतस्थळं आधी सीसी झिरो वापरत. पहिल्यानं 2017 मध्ये आणि दुसऱ्यानं 2019 मध्ये स्वतःचा परवाना आणला. जुने लेख वाचून त्यांना अजूनही प्रताधिकारमुक्त समजणारे पुष्कळ भेटतात.

आणि कोणी एखादी प्रतिमा विकत असेल, तर तो तिचा मालक आहे असंही नाही. छायाचित्रकार कॅरोल हायस्मिथ यांनी आपली हजारो छायाचित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांच्या वापरासाठी दिली. पुढे त्यांनीच काढलेला फोटो त्यांच्याच संस्थेच्या पानावर लावल्याबद्दल त्यांना छायाचित्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या वतीनं 120 डॉलर भरायचं पत्र आलं. 2016 मध्ये त्या न्यायालयात गेल्या, पण हक्क सोडून दिलेले असल्यामुळे दाव्याचा मुख्य भाग टिकला नाही. मुक्त वस्तू कोणीही विकू शकतो. तुम्ही ती विकत घ्यायची गरज नाही, एवढं लक्षात ठेवा.

5. योग्य दारावर जा

चित्रं आणि कलावस्तू: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं फेब्रुवारी 2017 मध्ये सुमारे 3,75,000 प्रतिमा सीसी झिरोखाली खुल्या केल्या. शोधताना ‘ओपन ॲक्सेस’ची चौकट टिचकवा. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, क्लीव्हलंडचं कलासंग्रहालय, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, पॅरिसच्या नगर-संग्रहालयांचा एकत्रित संग्रह, सगळीकडे अशीच सोय आहे. स्मिथसोनियननं फेब्रुवारी 2020 मध्ये 28 लाख प्रतिमा खुल्या केल्या. त्यांत त्रिमितीय प्रतिकृतीही आहेत. जीवाश्म किंवा अवकाशयान पडद्यावर गोल फिरवून दाखवता आलं तर फळ्यावरची आकृती कोण बघेल? वैद्यकाच्या इतिहासासाठी लंडनचं वेलकम कलेक्शन बघा, पण तिथे परवाने मिश्र आहेत.

वनस्पती, पक्षी, कीटक: बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. जुन्या निसर्गग्रंथांतली हातानं रंगवलेली पानं इथे आहेत. शास्त्रीय लॅटिन नावानं शोधा, आणि जुनं शास्त्रीय नावही टाकून बघा. नावं बदललेली असतात.

अवकाश: नासाचा प्रतिमासंग्रह. बोधचिन्ह वापरू नका, आणि ओळखू येणाऱ्या अंतराळवीराचा चेहरा जाहिरातीसारखा वापरू नका. पानावर दुसऱ्या अवकाशसंस्थेचं किंवा खासगी छायाचित्रकाराचं श्रेय दिसलं तर नासाचा नियम तिथे लागत नाही.

पुस्तकं: प्रोजेक्ट गुटेनबर्ग 1971 पासून चालू आहे. तिथली निवड अमेरिकी कायद्यानुसार असते, म्हणून तुमच्या देशाचा हिशेब तुम्हीच करा. हाथीट्रस्टवर स्कॅन उत्तम, पण तुम्ही कोणत्या देशातून बघता त्यावर पान उघडेल की नाही हे ठरतं, आणि कित्येक पुस्तकं पूर्ण, एका फाइलमध्ये उतरवण्याची सोय सदस्य संस्थांपुरतीच आहे. टंकलिखित मजकूर हवा असेल तर विकिस्रोत, मराठीतही आहे.

ध्वनी: स्वयंसेवकांनी वाचलेली पुस्तकं लिब्रिव्हॉक्सवर; वाचनंही प्रताधिकारमुक्त केलेली असतात. स्वरलिपींसाठी आयएमएसएलपी. वाजवलेल्या संगीतासाठी म्यूझोपेन, आणि जुन्या तबकड्यांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नॅशनल ज्यूकबॉक्स.

चित्रपट: इंटरनेट आर्काइव्हवरचा प्रेलिंगर संग्रह शैक्षणिक आणि प्रचारपटांसाठी अफलातून आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसची नॅशनल स्क्रीनिंग रूमही बघा.

एकाच वेळी अनेक संस्थांत शोधायचं असेल तर युरोपियाना, अमेरिकेची डिजिटल पब्लिक लायब्ररी, ओपनव्हर्स. हे फक्त पत्ते सांगतात. फाइल आणि हक्क मूळ संस्थेकडेच बघायचे.

दोन मोठ्या ठिकाणी विशेष सावधगिरी. इंटरनेट आर्काइव्हवर कोणीही काहीही चढवू शकतो आणि हक्कांचा रकाना चढवणाराच भरतो. तिथलं ‘पब्लिक डोमेन’ हे त्या व्यक्तीचं मत समजा. विकिमीडिया कॉमन्स जास्त शिस्तीचं आहे. फाइल मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त असावी असा तिथला नियम आहे, म्हणून जुन्या कृतींच्या पानावर सहसा दोन पाट्या दिसतात. एकच दिसली, किंवा ‘स्रोत’ या रकान्यात नुसतं ‘इंटरनेट’ असं लिहिलेलं असलं, तर ती फाइल सोडून द्या.

6. शोधशब्द जुने करा

नोंदी लिहिणाऱ्यांनी त्या काळचे शब्द वापरले आहेत. इस्तंबूलसाठी कॉन्स्टँटिनोपल, श्रीलंकेसाठी सिलोन टाकल्याशिवाय अर्धा माल दिसत नाही. कर्त्याच्या भाषेत शोधा: डच संग्रहात डच शब्द, फ्रेंच संग्रहात फ्रेंच. तंत्राचं नावही घाला, जसं लिथोग्राफ, एनग्रेव्हिंग, ग्लास निगेटिव्ह. एक चांगली नोंद सापडली की तिच्या विषयशीर्षकांवर टिचकी मारत पुढे जा. स्वतःच्या शब्दांपेक्षा ग्रंथपालांचे शब्द लवकर पोचवतात.

7. मूळ घर गाठा

चित्र आधीच कुठेतरी दिसलं असेल तर उलट शोध करा आणि निकालांतून सर्वांत मोठ्या आकाराची, संस्थेच्या पानावरची प्रत निवडा. हक्कांइतकंच हे अचूकतेसाठीही लागतं. डच चित्रकार फर्मीरच्या दूध ओतणाऱ्या दासीच्या चित्राच्या पिवळट, बिघडलेल्या प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या की राइक्सम्युझियमच्या दुकानातली बरोबर रंगांची पोस्टकार्डं लोकांना खोटी वाटायची. संग्रहालयानं चांगली प्रत खुली करण्यामागे हे एक कारण होतं.

हल्ली यात नवी डोकेदुखी आली आहे. यंत्रानं रंगवलेले, चेहरे ‘सुधारलेले’, किंवा सरळ यंत्रानंच बनवलेले ‘जुने फोटो’ सर्रास फिरतात. रंगवलेल्या फोटोतला सदऱ्याचा रंग हा पुरावा नव्हे, यंत्राचा अंदाज आहे. ज्या फोटोला संस्था नाही, नोंदणी क्रमांक नाही, तो अभ्यासात वापरू नका, कितीही बोलका असला तरी.

8. पूर्ण आकारात उतरवा

पानावर दिसणारी प्रतिमा बहुधा छोटी असते. डाउनलोडच्या खुणेखाली आकार निवडता येतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये छपाईसाठी टिफ घ्या, पडद्यासाठी जेपेग पुरे. इंटरनेट आर्काइव्हच्या पुस्तकातली आकृती पीडीएफमधून कापू नका. सगळ्या फाइलींची यादी उघडली की पानांच्या मूळ प्रतिमा वेगळ्या मिळतात आणि फरक लगेच दिसतो. छपाईसाठी इंचाला 300 ठिपके धरा: सहा इंच रुंद चित्राला 1800 पिक्सेल.

फाइलचं नाव लगेच बदला: संस्था, नोंदणी क्रमांक, लहानसं शीर्षक. ‘डाउनलोड (7)’ नावाची फाइल सहा महिन्यांनी कोणालाच ओळखता येत नाही.

9. पुरावा ठेवा, श्रेय द्या

नोंदपानाचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून त्या दिवसाची प्रत जतन करून घ्या. संस्था पानं हलवतात, परवाने बदलतात. तुम्ही उतरवलंत त्या दिवशी काय लिहिलं होतं हे दाखवता आलं पाहिजे.

मुक्त कृतीला श्रेय देणं कायद्यानं सहसा सक्तीचं नसतं, पण अभ्यासात ते टाळता येत नाही. प्रताधिकार संपला म्हणून वाङ्मयचौर्य माफ होत नाही. कर्ता, शीर्षक, वर्ष, संस्था, नोंदणी क्रमांक, ‘प्रताधिकारमुक्त’ किंवा ‘सीसी झिरो’, एवढं चित्राखाली पुरतं. काटछाट केली असेल तर तेही लिहा.

प्रताधिकाराबाहेरही काही बंधनं असतात. 1928 च्या लघुपटातला मिकी माउस 2024 मध्ये अमेरिकेत मोकळा झाला, पण व्यापारचिन्हाचा हक्क तसाच आहे आणि नंतरच्या काळातलं त्याचं रूपही बांधलेलंच आहे. आदिवासी समाजांच्या विधींचे, मृतांचे, रुग्णांचे जुने फोटो कायद्यानं मुक्त असू शकतात. ज्यांचे ते आहेत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. असा फोटो धड्याला खरोखर लागतो का, हे आधी बघा.

10. शंका उरलीच तर संस्थेला लिहा

ग्रंथपाल उत्तरं देतात. पत्र छोटं ठेवा: नोंदणी क्रमांक, कुठे वापरणार, आणि दोन वेगळे प्रश्न. पहिला, ‘या कृतीवर कोणाचा प्रताधिकार आहे असं आपल्याला माहीत आहे का?’ दुसरा, ‘मोठ्या आकाराच्या स्कॅनचं शुल्क किती?’ हे दोन एकत्र विचारलेत तर उत्तरात ‘वापरशुल्क’ असा एकच आकडा येतो आणि तो स्कॅनचा खर्च आहे की हक्कांचा, हे कळत नाही. स्कॅनच्या मेहनतीचे पैसे मागणं रास्त आहे. मुदत संपलेल्या कृतीच्या ‘परवान्या’चे मागितले, तर कोणत्या आधारावर ते नम्रपणे विचारा. आलेलं उत्तर पीडीएफ करून चित्राच्या फाइलशेजारीच ठेवा, त्याच नावानं.